शेगडीची खालची बाजू

बँकेतून निवृत्त होऊन मला आता पाच वर्षे झाली. नोकरीची बरीच वर्षे कर्जखात्यांच्या तपासणीत गेली आणि त्या कामाने एक सवय अंगी बाणविली होती. खाते बिघडले की प्रथम जुने कागद काढायचे, शेवटची बरोबर नोंद कोठे आहे ती शोधायची आणि तेथून एकेक नोंद तपासत पुढे यायचे; मध्येच कोठेतरी हात घालायचा नाही. हाताखालच्या कितीतरी तरुण अधिकाऱ्यांना मी हे शिकविले. गेल्या डिसेंबरात माझ्याच स्वयंपाकघरात मात्र मी नेमका याच्या उलट वागलो आणि त्याचा भुर्दंड माझ्या ८८ वर्षांच्या आईला सोसावा लागला. ती हकीकत येथे लिहीत आहे.

आम्ही नेरूळला एका जुन्या सिडको इमारतीत राहतो. घरात मी, पत्नी आणि आई, अशी तीनच माणसे. आईला आम्ही सारी भावंडे 'बाई' म्हणतो. नगर जिल्ह्यातील आमच्या गावी तीच रीत होती. बाईचा चौविहार पन्नासाहून अधिक वर्षांचा आहे. सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. पाणी घ्यायचे ते उकळून निवविलेलेच. दात आता राहिलेले नाहीत, त्यामुळे संध्याकाळी मऊ मुगाची खिचडी किंवा दुधात कुस्करलेली भाकरी, त्यावर पेलाभर पाणी आणि रक्तदाबाची गोळी, एवढाच तिचा व्यवहार. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य सहा वाजून गेल्यावर जेमतेम सात-आठ मिनिटांनी मावळतो. म्हणजे साडेपाचला ताट वाढलेले असले पाहिजे.

मुलीकडे पुण्याला बारा दिवस राहून आम्ही तिघे २७ तारखेस दुपारी परतलो. वाटेत घाटात वाहने खोळंबली होती, घरी पोहोचायला चार वाजले. पत्नीने मुगाची डाळ आणि तांदूळ भिजत घातले, ओटा पुसला, पुंजणीने शेगडी पुंजली. जैन घरातील वाचकांना हे सांगायला नको : विस्तव पेटविण्यापूर्वी त्या मऊ कुंचल्याने बर्नर, जाळी आणि भोवतालची जागा हळुवार झाडून घ्यायची, एखादी मुंगी किंवा चिलट तेथे असेल तर ते दूर व्हावे एवढ्यासाठी. आमचे लग्न झाल्यापासून तिचा हा क्रम एक दिवसही चुकलेला मी पाहिला नाही. मग तिने सिलिंडरचा रेग्युलेटर चालू केला, मोठ्या बर्नरचे बटण फिरविले आणि लायटर दाबला. ठिणगी पडली, ज्योत उठली नाही. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

लहान बर्नर मात्र पहिल्याच ठिणगीला नीट निळा पेटला.

"अहो, मोठा पेटत नाही. राहू द्या, मी लहानावरच खिचडी टाकते, मग पाणी ठेवते," ती म्हणाली. तेव्हा पावणेपाच झाले होते. तिचे ऐकले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

"अगं, दोन मिनिटांचे काम आहे. जेटमध्ये कचरा बसला असेल," असे म्हणून मी लहान बर्नर बंद केला आणि शिवणाच्या डब्यातून सुई मागितली.

ही सुई माझ्या हाती कोठून आली, हे थोडे मागे जाऊन सांगावे लागेल. गावी वडिलांचे किराणा-भुसाराचे दुकान होते. माझे बालपण त्या दुकानाच्या फळीवर गेले. त्या काळी घरोघर रॉकेलचे पितळी स्टोव्ह असत. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून स्टोव्हच्या गळ्याशी लावायचा, तो पेटवून डोके तापू द्यायचे, मग पंप मारायचा. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडनमधील कारागिराने १८९२ च्या सुमारास हा बिनवातीचा स्टोव्ह तयार केला आणि 'प्रायमस' या त्याच्या नावाने तो आमच्या खेड्यापर्यंत पोहोचला, ही माहिती मला फार उशिरा वाचनात आली. आम्हांला ठाऊक होती ती स्टोव्हची पिन. पत्र्याच्या लहानशा पट्टीच्या टोकाला केसासारखी बारीक तार. रॉकेलमधील काजळीने तोंड बुजले, ज्योत पिवळी झाली की ही पिन भोकात घालून वरखाली करायची, लगेच स्टोव्ह फरफरू लागे. आमच्या दुकानात पिना विकावयास असत आणि गिऱ्हाईक आले की मी गल्ल्याशेजारच्या बरणीतून ती काढून देत असे. आठ-नऊ वर्षांचा असताना शेजारच्या बायका मला स्टोव्ह 'पिन करायला' बोलावीत. बटर किंवा लिमलेटची गोळी मिळे. शेगडी पेटत नाही म्हटल्याबरोबर माझ्यातील तो नऊ वर्षांचा मुलगा जागा झाला, असेच म्हणावे लागेल.

गॅस आमच्या गावात फार उशिरा आला. मुंबईत बर्मा-शेल कंपनीने १९५५ मध्ये 'बर्शेन' नावाने स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर घरोघर देण्यास प्रारंभ केला होता. पुढे १९७६ मध्ये त्या कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि नंतर ती भारत पेट्रोलियम झाली. पण सामान्य घरात जोडणी मिळणे ही १९८० च्या दशकापर्यंत काही वर्षांची प्रतीक्षा असे. 'गॅसला नंबर लावला आहे' हे वाक्य त्या पिढीतील लोकांना नक्कीच आठवत असेल. खासदारांच्या शिफारशीच्या कोट्यातून जोडणी मिळविण्यासाठी मंडळी कोठकोठे जात. गॅसवरचे अन्न खाल्ले की पोटात गॅस धरतो, असे आमच्या आत्याबाई शेवटपर्यंत म्हणत आणि त्यावर वाद घालण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. बाईने मात्र गॅस आला त्या दिवशी समाधानाने स्टोव्ह माळ्यावर टाकला. विस्तव जितका वेळ जळेल तितकी विराधना. गॅसचा विस्तव हवा तेव्हा पेटतो आणि बटण फिरविताच विझतो, हे तिला आवडले होते.

रॉकेलच्या पिनेचे शास्त्र गॅसच्या जेटला लागू पडत नाही, हे मला त्या संध्याकाळी ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. जेट म्हणजे पितळेची एक छोटी टोपी आणि तिच्या मधोमध एक मिलिमीटरहूनही बारीक असे अचूक मोजून पाडलेले छिद्र. त्या छिद्रावरच शेगडीचा सारा हिशेब बसविलेला असतो. पितळ मऊ, पोलादी सुई कठीण. सुई फिरविली की छिद्र रुंदावते, गॅस प्रमाणाबाहेर येतो, ज्योत पिवळी व लांब होते आणि भांडी काळी पडतात. पाइपच्या गॅससाठी शेगडीचे जेट बदलावे लागतात तेही याच कारणाने. तो गॅस मुख्यत्वे मिथेन, सिलिंडरच्या गॅसपेक्षा हलका आणि तेवढ्याच आकारमानात कमी उष्णता देणारा. त्याला मोठे छिद्र लागते. एकाची शेगडी दुसऱ्याला जशीच्या तशी जोडता येत नाही.

मी शेगडी थोडी कलती करून, बर्नर काढून, खालच्या बाजूने चाचपडत मोठ्या बर्नरच्या जेटमध्ये सुई घातली आणि फिरविली. मग विचार केला, आता हात घातलाच आहे तर लहानही साफ करून टाकू. तो उत्तम पेटत होता. त्याला काहीही झालेले नव्हते. तरीही मी त्याच्या जेटमध्ये सुई घातली, ती अडकली, मी ओढली आणि टोक आतच मोडले.

हे पत्नीला सांगण्याचे धाडस मला झाले नाही. "आता बघ," एवढेच म्हणालो. लहान बर्नर अर्थातच पेटला नाही. त्यातून फुसफुस देखील नव्हती. मोठ्यातून गॅसचा आवाज येत होता, वासही येत होता, पण वर ज्योत धरत नव्हती. लायटर कमजोर असेल असे वाटून मी काड्यापेटी घेतली. एक काडी, दोन काड्या. बटण चालूच होते. "अहो, वास फार येतो आहे, बंद करा आधी," असे पत्नी म्हणाली. मी "हो हो" म्हणत तिसरी काडी ओढली.

भप्प असा आवाज झाला आणि ज्वाला बर्नरवर न उठता शेगडीच्या खालून, बटणांच्या मागून, माझ्या हाताच्या दिशेने आली. मनगटावरचे केस जळाले, आणखी काही झाले नाही. मी मागे सरकून नुसता उभा राहिलो. पत्नीने खाली वाकून रेग्युलेटर बंद केला. ज्वाला विझली. तिने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, पंख्याच्या बटणाला मी हात लावू पाहत होतो तो हात धरून बाजूला केला आणि माझ्या हातातील काड्यापेटी काढून घेतली. मला रागाने बोलली असती तर बरे वाटले असते. "आता या घरात आज काही पेटवायचे नाही," एवढेच ती म्हणाली.

घड्याळात पाच वाजून पस्तीस मिनिटे झाली होती.

बाई आपल्या खोलीत माळ घेऊन बसली होती. तिला आवाज ऐकू गेला असावा. पण तिने काही विचारले नाही. विजेची किटली, जी आम्ही तिच्या पाण्यासाठीच प्रवासात नेतो, ती पुण्याला मुलीच्या ओट्यावर राहून गेली होती. बारा दिवसांच्या गैरहजेरीनंतर घरात फळ नव्हते. डब्यात खाखरे होते, पण दात नसलेल्या माणसाला कोरडा खाखरा पाण्यावाचून कसा उतरणार? बाहेरचे अन्न ती घेत नाही. शेजारची दोन्ही दारे नाताळच्या सुटीमुळे कुलूपबंद. पत्नी पातेले घेऊन वर चौथ्या मजल्यावर गेली. तेथील वहिनी भाजीला गेलेल्या, त्या येईपर्यंत वेळ गेला. आल्या तशा त्यांनी ताबडतोब पाणी उकळावयास ठेवले. पत्नी ते गरम पातेले फडक्यात धरून जिन्याने खाली आली तेव्हा सहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

बाईने खिडकीतून बाहेर पाहिले. मग माळ कपाळाला लावून तिने पचक्खाण घेतले.

"बाई, माझ्यामुळे झाले," मी म्हणालो.

"अरे, एका रात्रीने काय होतं? तुझा हात भाजला का ते दाखव," ती म्हणाली.

रात्रीची गोळी तिने घेतली नाही, कारण गोळीबरोबर पाणी आलेच. ती रात्र मी तिच्या खोलीतील खुर्चीवर काढली. बँकेत असताना एखाद्या मोठ्या खात्याचा हिशेब जुळत नसला की झोप येत नसे, तसली ही जाग नव्हती. दर तासाला तिचा श्वास पाहत होतो. दोनच्या सुमारास तिने डोळे उघडले आणि मला तेथे पाहून, "झोप जा, सकाळी तुला पित्त होईल," असे सांगून कूस बदलली. आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या निष्काळजीपणावर शेरे लिहीत आलो आणि आपल्या हाताखालचा एक साधा लहान बर्नर, जो नीट चालत होता, तो आपण बिघडविला, हे माझ्या मनातून जाईना. मोठा बर्नर बिघडणे हा योग होता. लहान बर्नर बिघडणे हे माझे कर्तृत्व.

सकाळी नवकारशीला, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, वरून आलेल्या पाण्याने तिने पारणे केले. तिचा रक्तदाब मी दोनदा मोजला. ठीक होता.

दहा वाजता गॅस एजन्सीकडून मेकॅनिक आला. वय फार तर पंचवीस. त्याने शेगडीकडे पाहिलेही नाही. आधी खाली वाकून सिलिंडर पाहिला. सिलिंडरच्या वरच्या कड्याजवळील पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन अंक रंगविलेले असतात, ती त्याच्या पुढील चाचणीची मुदत असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. इतकी वर्षे सिलिंडर घेतले, मुदतीचे हे कोष्टक मी कधी वाचले नव्हते आणि हुंडीची मुदत मात्र एका दृष्टिक्षेपात सांगत असे. मग त्याने नारिंगी नळीवर छापलेले साल पाहिले. ही नळी पाच वर्षांनी बदलायची असते. आमचीला सहावे सुरू होते. मग त्याने साबणाचे पाणी मागितले, रेग्युलेटरच्या व नळीच्या सांध्यांवर ते लावले आणि रेग्युलेटर चालू करून बुडबुडे येतात का ते पाहिले. नाही आले. "काका, गळती बघायला कधी काडी लावायची नाही. फेसच लावायचा," तो म्हणाला. मी पत्नीकडे पाहण्याचे टाळले.

"हा गॅस हवेपेक्षा जड असतो. वर जात नाही, खाली ओट्यावर, जमिनीवर साचतो. खिडकी उघडली तरी खालचा लगेच जात नाही. अशा वेळी पंखा, दिवा, कोणतेही बटण चालू-बंद करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, बाहेर जायचं आणि १९०६ ला फोन लावायचा." हे सारे तो पाठ केल्यासारखे सांगत होता, पण मला ते प्रथमच कानांत शिरत होते. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात तो उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. म्हणजे ज्या वासाची सूचना काल मला तीन काड्यांपर्यंत मिळत होती, ती मुद्दाम माझ्यासाठीच घातलेली होती.

इतके झाल्यावर त्याने रेग्युलेटर पुन्हा बंद करून काढून घेतला आणि शेगडी ओट्यावर चक्क उलटी केली.

मला वाटते, शेगडी विकत घेतल्यापासून तिची ती बाजू आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. बटणाच्या मागे जेट, जेटच्या समोर बोटभर अंतरावर एका जाड नळीचे उघडे तोंड आणि ती नळी वळून वर बर्नरपर्यंत गेलेली. जेटमधून गॅस वेगाने त्या तोंडात शिरतो आणि शिरताना आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. नळीत दोन्हींचे मिश्रण होते आणि ते बर्नरच्या भोकांतून बाहेर पडून जळते. या मिश्रणाचा ताळेबंद मोठा कडक आहे. शंभर भागांत गॅसचे सुमारे दोन ते साडेनऊ भाग असतील तेव्हाच ते पेट घेते. त्याहून कमी असले तरी पेटत नाही आणि अधिक असले तरी पेटत नाही.

त्याने लहान बर्नरचा जेट पान्याने काढून उजेडात धरला. "यात काय आहे?" त्याने विचारले. "सुई," मी म्हणालो. पत्नीला ते तेव्हा कळले. मुलगा समंजस होता. काही न बोलता त्याने तो जेट माझ्या तळहातावर ठेवला. मग मोठ्या बर्नरचा काढला. त्यात कचरा नव्हताच. माझ्या सुईने छिद्र थोडे तिरके झाले होते, म्हणून तोही टाकाऊ ठरला. त्याने मोबाइलचा उजेड नळीच्या तोंडात टाकला आणि मला वाकून पाहावयास सांगितले. आत कापसासारखे पांढरे काहीतरी होते.

"कोळी," तो म्हणाला. "जाळं केलंय. गॅस नळीत जातच नव्हता, तोंडातून खालीच सांडत होता. म्हणून खालून भडका."

त्याने पिशवीतून तारेचा ब्रश काढला. इतक्यात मागून काठीचा आवाज आला. बाई दारात उभी होती.

"आत जीव आहे का रे?"

मुलगा थांबला. वाशी-तुर्भ्याच्या बाजूला आमच्या समाजाची पुष्कळ घरे आहेत. मशीद बंदरचा धान्य-मसाल्याचा घाऊक बाजार नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस वाशीला हलल्यापासून कितीतरी व्यापारी कुटुंबे खाडी ओलांडून इकडे आली. त्या घरांतून काम करून त्याला हा प्रश्न नवा नसावा. त्याने ब्रश खाली ठेवला, वर्तमानपत्राचा कागद मागितला, बर्नरच्या बाजूने नळीवर बोटाने टिचक्या मारू लागला. बराच वेळ काही झाले नाही. मग एक बारीकसा, फिकट पिवळसर कोळी तोंडाशी आला, थांबला आणि कागदावर उतरला. बाईच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. त्याच्या मागून जाळ्याचे पुंजके आणि चिमूटभर काळे काहीतरी कागदावर पडले. ते काय होते हे मी पाहिले. बाईची दृष्टी आता अधू आहे, तिला दिसले नाही. मी ते तिला सांगितले नाही. आज हा अंक ती कोणाकडून वाचून घेईल, तेव्हा कळेल. बाई, क्षमा कर.

कागद पत्नीने गॅलरीत नेऊन कढीपत्त्याच्या कुंडीत हळूच कलता केला. मुलाने मऊ कापड गुंडाळलेल्या काडीने नळी आतून पुसली, नवे जेट बसविले, नळी बदलली आणि शेगडी सरळ केली. पत्नीने पुंजणी फिरविली. दोन्ही बर्नर निळे पेटले. त्याने चहा घेतला नाही, बाईने दिलेला खाखरा मात्र खाल्ला.

रविवारी माझ्या भाच्याचा फोन आला. तो न्यू जर्सीत एडिसनला असतो. सारी हकीकत ऐकून तो हसू लागला. "मामा, आमच्याकडे तर प्रत्येक उन्हाळ्यात हेच!" तेथे घरामागच्या अंगणात मोठी गॅसची भट्टी ठेवण्याची पद्धत आहे, ग्रिल म्हणतात. हा शाकाहारी असल्याने त्यावर कणसे, ढोबळी मिरची आणि पनीर भाजतो. हिवाळाभर ती झाकून पडलेली असते आणि पहिल्या उबदार रविवारी पाहुणे आले की हमखास पेटत नाही, कारण नळ्यांत कोळ्यांनी घर केलेले असते. कोळ्यांसाठी नळ्या तपासाव्यात असे ग्रिलच्या माहितीपुस्तिकेतच छापलेले असते म्हणे. त्याने आणखी एक गंमत सांगितली. तेथील सिलिंडरची झडप एकदम पूर्ण उघडली तर आतील सुरक्षा-योजनेला गळती झाल्यासारखे वाटते आणि ती गॅस अगदी मंद करून टाकते. मग सारे बंद करून, थोडे थांबून, झडप अगदी सावकाश उघडावी लागते. पहिल्या वर्षी हे ठाऊक नसल्याने त्याने पाहुण्यांना ब्रेड-जॅम वाढले होते. त्यांच्याकडे सिलिंडरमध्ये बहुतेक निव्वळ प्रोपेन असते, कारण ते उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप राहते. आपल्याकडे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण चालते, कारण ब्युटेनला शून्याच्या आसपास थंडी लागली की ते द्रवच राहते आणि नेरूळला तशी थंडी कोठून यायची!

मग मीही थोडे वाचले. २०११ मध्ये माझ्दा कंपनीने उत्तर अमेरिकेतील सुमारे ६५ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या होत्या, त्या एका पिवळसर कोळ्यामुळे. इंधनटाकीच्या हवा जाण्याच्या नळीत तो जाळे करीत होता आणि त्यामुळे टाकीत दाबाचा बिघाड होऊन ती तडकण्याची शक्यता होती. या कोळ्याला पेट्रोलच्या वासाची ओढ असते, असे म्हणतात. आमचा कोळी त्याच जातीचा होता की नाही, हे सांगण्याइतका मी जाणकार नाही. त्याला बारा दिवस शांत असलेली एक अंधारी नळी मिळाली, एवढे खरे.

पत्नीने आता एक निराळी, लांब दांड्याची पुंजणी आणली आहे. दर पंधरवड्याला, पक्खीच्या आदल्या दिवशी, रेग्युलेटर काढून ठेवून मी शेगडी उलटी करतो आणि ती खालची बाजू पुंजते. गावाला जाताना नळ्यांच्या तोंडांवर मलमलीचे तुकडे बांधतो आणि ते बांधलेले आहेत अशी चिठ्ठी बटणांवर चिकटवितो, नाहीतर परतल्यावर विसरून तसेच पेटवायचो. मोडलेल्या सुईचा जेट मी टाकला नाही. माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या शिक्क्यांच्या डब्यात तो आहे.

चैत्रात आम्ही पुन्हा पुण्याला निघालो. सामान दाराशी ठेवले होते, मी चिठ्ठी चिकटवीत होतो, पत्नी मलमलीच्या गाठी पाहत होती. बाई काठी टेकीत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

"खालचं पाहिलंत ना दोघांनी?" तिने विचारले. "मग चला. आणि किटली येताना विसरू नका."